भूतदयेतून वगळलेला जीव



वारकऱ्याच्या दारी दयेला तोटा नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की ताटातले मांस सुटते. मुंगीवर पाय पडू नये म्हणून नजर खाली जाते. वाटेवर अनोळखी माणसाच्या टाचेला फोड दिसला, तर आपण पिशवीतली तेलाची बाटली काढतो आणि त्याचा पाय मांडीवर घेतो. नाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेले गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. भूतमात्राच्या ठायी पांडुरंग पाहावा, हे आपल्याला पोथीच्या आधी आईच्या तोंडून आणि वाटेवरच्या धुळीतून कळलेले असते.

तरीही या भूतमात्रातून एक जीव बहुतेक वेळा वगळला जातो. जो जितकी मोठी जबाबदारी वाहतो, तितका तो त्याला हमखास वगळतो. तो जीव म्हणजे तो स्वतः. दिंडीतल्या शेवटच्या म्हातारीला गरम भाकरी मिळाली की नाही हे पाहणारा चालक रात्री अकराला गार भात घेऊन बसतो, आणि दिवसभरात काय काय चुकले याचा पाढा वाचत तो गिळतो. गाढवाला गंगाजल पाजणाऱ्या नाथांचे नाव घेणारा हा माणूस स्वतःच्या कोरड्या घशाला घोटभर पाणी देताना मात्र कचरतो. आज त्याच्याविषयी, आणि तो तुमच्यापैकीच कुणी असेल तर तुमच्याशी, थोडे बोलायचे आहे.

पुढे चालणारा म्हणजे कोण? दिंडीचालक, फडाचे प्रमुख, सप्ताहाचा भार अंगावर घेतलेला गावातला कार्यकर्ता, महिला भजनी मंडळ सांभाळणाऱ्या ताई. आणि बाप गेल्यावर धाकट्या भावंडांचे सगळे पाहणारा घरातला थोरलाही. ज्याच्या शब्दावर चार माणसे पाऊल टाकतात तो पुढे चालणारा. दिवस चांगले असले की हे काम गोड लागते. तळावर चिखल नाही, पाण्याचा टँकर वेळेवर पोचला, कुणी आजारी पडले नाही, की सगळे म्हणतात, पांडुरंगाची कृपा. काही बिघडले की सगळ्यांच्या आधी चालक म्हणतो, माझी चूक. कृपा तेवढी विठ्ठलाची आणि चूक तेवढी माझी, हा हिशेब वरवर फार नम्र दिसतो. तो खरा आहे का, हे तपासून पाहू.

कठीण काळ काय असतो, हे आपल्या पिढीला २०२० मध्ये कळले. त्या वर्षी १ जुलैला आषाढी एकादशी होती आणि पायी वारी निघाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या माणसांसह एसटीच्या बसमधून पंढरीला गेल्या. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. ज्या चालकांनी आयुष्यभर ‘चला’ याखेरीज दुसरा शब्द उच्चारला नव्हता, त्यांना गावोगाव फोन करून ‘येऊ नका’ म्हणावे लागले. २०२२ मध्ये वाट पुन्हा टाळमृदंगाने भरली, तेव्हा दिंड्यांतल्या काही जागा कायमच्या रिकाम्या झाल्या होत्या. एखाद्या चालकाच्या मनात राहिले की, त्या म्हाताऱ्याची शेवटची वारी मी चुकवली. दुसऱ्याच्या मनात नेमके उलटे राहिले की, गावातल्या भजनाला मी हो म्हणालो आणि त्यानंतर दोघे अंथरुणाला खिळले.

अशी माणसे आजही दिंड्या चालवत आहेत. दिवसा त्यांचा टाळ चुकत नाही. रात्री तंबूतला दिवा मालवला की त्यांच्या आत एक न्यायसभा भरते. फिर्यादी ते, साक्षीदार ते, न्यायाधीशही तेच. आरोपीच्या बाजूने बोलायला मात्र तिथे कुणी नसते.

आता एक साधी गोष्ट पाहा. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. लहान-थोर, जात-पात, शिकलेला-अडाणी काही पाहत नाही. समोरच्याला ‘माउली’ म्हणतो, वाकतो, आणि तोही आपल्या पायाशी वाकतो. तुम्ही पुढे चालणारे असाल तर दिवसभरात तुमच्या पायांवर किती हात टेकले, याची मोजदादही राहत नाही. तो वाकणारा माणूस कुणाला नमस्कार करत होता? तुमच्या कर्तबगारीला? तसे असेल तर तो नमस्कार घेणेच पाप. तो वाकला तुमच्या आतल्या पांडुरंगाला, आणि तसे समजूनच तुम्ही तो नमस्कार घेतलात, लगेच उलटून त्याच्याही पाया पडलात. मग रात्री त्याच देहाला, त्याच मनाला तुम्ही ‘नालायक’ म्हणता, तेव्हा तो अपमान कुणाच्या वाट्याला जातो? दिवसा ज्या मूर्तीपुढे लोक वाकले, तिलाच रात्री पुजाऱ्याने लाथाडावे, असे हे झाले. सर्वांभूती देव आहे हे खरे असेल तर एका जीवाचा अपवाद करण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो जीव आपला आहे म्हणूनही नाही.

येथे शंका येईल, आणि ती योग्यच आहे. संतांनी तर स्वतःला पतित म्हटले, अपराधी म्हटले, आपल्या मनाला इतके फटकारले की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. मग स्वतःवर दया करा, हे कुठल्या संतांचे शिकवणे? ही सुखवस्तूंची पळवाट तर नाही ना?

या शंकेचे उत्तर कुंभाराच्या अंगणात सापडते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी मुक्ताईच्या सांगण्यावरून एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून कोण भाजले आहे आणि कोण कच्चे आहे हे पाहिले, ही परंपरेतली कथा तुम्हाला ठाऊक आहे. नामदेवरायांना तो मार लागला, राग आला, आणि ते कच्चे ठरले. सगळ्यांदेखत ठरले. ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो, जेवतो असे जग म्हणत होते, त्यांचे कच्चेपण चारचौघांत उघडे पडले. पुढे चालणाऱ्याला याहून कठीण वेळ कोणती?

पण कुंभाराच्या भाषेत कच्चे मडके म्हणजे फेकायचे मडके नव्हे. अजून आव्यात जायचे बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. नामदेवराय रडले, देवाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले, आणि तिथून औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. ‘मी कच्चा’ म्हणून ते कोपऱ्यात बसून राहिले नाहीत. त्यांनीच पुढे भक्तीची पताका पंजाबापर्यंत नेली. तिथे घुमानला आजही त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. कच्चे ठरणे हा त्यांच्या आयुष्याचा निकाल ठरला नाही.

कुंभार मडके घडवताना आणखी एक गोष्ट करतो. बाहेरून थापटणे मारतो तेव्हा आतून हाताचा, नाहीतर गुळगुळीत दगडी गोट्याचा आधार धरतो. आधार नसेल तर पहिल्याच फटक्याला मडके बसते. संतांनी स्वतःला जे फटके मारले, त्या प्रत्येक फटक्यामागे आतून विठ्ठलाचा हात होता. आपले वैगुण्य त्यांनी आईला सांगावे तसे सांगितले. चिखलाने बरबटलेले हात लेकरू आईला दाखवते, ते आई धुऊन देईल या भरवशावर. तुमच्या तंबूतल्या रात्रीच्या न्यायसभेत मात्र आई नसते. तिथे थापटणे आहे, आतला हात नाही.

म्हणून आपल्याकडे अनुताप आणि खंत यांत फरक करायला हवा. अनुतापाचे तोंड देवाकडे असते आणि त्याचे पाय पुढच्या कामाकडे. खंतीचे तोंड ‘मी’कडे असते आणि तिचे पाय जागच्या जागी रुततात. अनुतापाने डोळे ओले होतात, झोप लागते, सकाळी माणूस हलका उठतो. खंतीने डोळे कोरडे राहतात आणि झोप उडते. आपल्याला यातले काय झाले आहे, हे सकाळी उठल्यावर सहज ओळखता येते.

खंतीच्या पोटात आणखी एक चोर दडलेला असतो. तो पकडायला अवघड, कारण तो नम्रतेचे कपडे घालून येतो. ‘माझ्यामुळेच हे झाले’ हे वाक्य नीट ऐका. त्यात ‘मी’ केवढा मोठा आहे! गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडायला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. माउलींनी ज्ञानेश्वरीत ती उलगडून दाखवली आहेत. कर्ता हा त्या पाचातला एक. असे असताना केवळ आपल्यालाच कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही, असे गीता तिथेच बजावते.

हे वाटेवर लावून पाहू. समजा, भर दुपारी दिंडीतले एक वृद्ध चक्कर येऊन पडले. चढाची वाट, हे अधिष्ठान. त्यांच्या पायांतले, श्वासातले उरलेले बळ, हे साधन. हजारो माणसांची पुढे-मागे होणारी रेटारेटी, ज्यात रुग्णवाहिकेलाही वाट मिळेना, ही हालचाल. त्या दिवशी ढग आले नाहीत, हे दैव. आणि सकाळी निघायला अर्धा तास उशीर केला, हा तुमचा, कर्त्याचा वाटा. तो वाटा तुमचा आहे आणि तो पुरता तुमचा आहे. त्यात एक मिनिटही कमी करू नका. पण बाकीचे चार वाटे स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका. ते उचलण्याएवढे तुम्ही मोठे नाही. यश आले तेव्हा सगळे माझ्यामुळे असे म्हणणाऱ्याला आपण अहंकारी म्हणतो. अपयश आले तेव्हा सगळे माझ्यामुळे असे म्हणणाराही त्याच गावचा. एकाच्या गळ्यात हार असतो, दुसऱ्याच्या दगड, एवढाच फरक.

दुसरी शंका याहून कठीण आहे. माझ्या चुकीने माझेच नुकसान झाले असते तर एक वेळ ठीक. पण ज्याचे नुकसान झाले तो दुसराच आहे. त्याचे दुःख तसेच असताना मी स्वतःला माफ करून मोकळा होऊ?

नाही. तसे करता येत नाही, आणि करूही नये. येथे तुकोबारायांकडे पाहावे. थोरल्या भावाचे लक्ष संसारात नव्हते, म्हणून घरचा व्यापार आणि सावकारी लहान वयात त्यांच्या अंगावर आली. घराचे कर्ते तेच झाले. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. ज्याच्या भरवशावर घर होते, त्याच्या डोळ्यांदेखत घर गेले. आपल्याला लाज वाटली, हे दुःख सोसवेना, हे त्यांनी पुढे आपल्या अभंगात लपवले नाही. आणि मग त्यांनी काय केले? परंपरा सांगते, लोकांनी लिहून दिलेल्या कर्जाच्या कागदांची धाकट्या भावाबरोबर वाटणी केली. भावाचे कागद त्याला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत सोडले.

त्यांनी कोणते कागद बुडवले, हे लक्षात घ्या. लोक त्यांचे जे देणे लागत होते, ते कागद बुडवले. दुसऱ्याचे आपल्याकडे जे येणे, ते बुडवण्याचा अधिकार आपला नाही. ज्याचे नुकसान झाले त्याची क्षमा त्याच्याच हातात असते. ती आपण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आपल्यालाच देऊन टाकली तर ती चोरी होय. ज्या घरातले माणूस गेले त्या घरी जाऊन बसावे, ऐकून घ्यावे, हात जोडावे, जे भरून देता येईल ते द्यावे. ते लोक रागावले तर तो रागही घ्यावा.

मग स्वतःवरच्या दयेचे काम कोणते? तिने कर्ज माफ होत नाही. कर्ज फेडणारा माणूस जगवला जातो. सावकारानेही कुळाला उपाशी मारले तर वसुली कोण देणार? ज्याने स्वतःला झोडपून अर्धमेला केला, तो त्या घरच्या दारात जाऊच शकत नाही. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते, तो वाट बदलून जातो. आणि आपण मात्र समजतो की तो फार सोसतो आहे. त्याच्या सोसण्याने त्या घराला एक दाणाही मिळत नाही. जो स्वतःशी नीट वागतो तोच ‘माझे चुकले’ हे दोन शब्द उभे राहून, डोळ्याला डोळा देऊन बोलू शकतो. तेव्हा दया ही जबाबदारीतून सुटण्याची पळवाट आहे, हे म्हणणे टिकत नाही. जबाबदारीपर्यंत चालत जायला जे पाय लागतात, ते पाय म्हणजे दया.

येथे दया आणि कीव यांची गल्लतही करू नये. कीव म्हणते, माझ्यासारखे दुःख कुणाचेच नाही. दया म्हणते, असे सगळ्यांचेच होते, मीही त्यांतलाच. कीव माणसाला दिंडीतून बाजूला काढून दगडावर बसवते. दया त्याला पुन्हा रांगेत उभे करते.

आणि एखाद्याला हे सगळे कळूनही आतले दार उघडत नसेल तर? आपल्या संप्रदायात त्याचीही कथा आहे. आळंदीत लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबाराय झोपडीची ताटी लावून आत बसले. ते तर सगळ्यांच्या पुढे चालणारे! बाहेर उभी राहिली ती त्यांच्याहून धाकटी बहीण. मुक्ताईने ताटी ढकलली नाही, तोडली नाही, आणि ‘चूक तुझीच’ असेही म्हणाली नाही. तिने दादाला त्याचे खरे मोठेपण आठवून दिले. जगाचे अपराध पोटात घालणारा तो साधू, याची खूण दिली. आपल्याच दातांनी आपलीच जीभ चावली गेल्याचा दृष्टांत तिने दिला. दातही आपले आणि जीभही आपली, मग शिक्षा कुणाला करायची? लोकांवर रागावलेल्याला हा दृष्टांत लागू पडतो, आणि स्वतःवर रागावलेल्याला तर अधिकच. चुकलेला हात तुमचा आणि शिक्षा करणारा हातही तुमचाच.

या कथेतून पुढे चालणाऱ्याने दोन गोष्टी घ्याव्यात. ताटी लावून घ्यावीशी वाटणे यात कमीपणा नाही. ज्ञानोबारायांनाही तसे वाटले, असे परंपरा न लाजता सांगते. दुसरी गोष्ट अशी की आपल्या ताटीबाहेर उभे राहून हक्काने हाक मारील असे एखादे माणूस जोडून ठेवावे. ते वयाने लहान असेल, अधिकाराने लहान असेल, घरातली लेकही असेल. पुष्कळ चालकांना हजार माणसे नमस्कार करतात, पण ‘दादा, पुरे आता, बाहेर या’ म्हणणारे एकही माणूस नसते. नमस्कार करणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून ती उणीव भरून येत नाही.

आता रोजच्या वहिवाटीचे. वारी नुसते तत्त्व सांगून थांबत नाही, तिने सोयी लावून दिल्या आहेत. आपण त्या बाहेर पाळतो, आत पाळत नाही.

पहिली सोय समाज आरतीची. माउलींची पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, मग ते टाळही थांबतात. हरवले-सापडले पुकारले जाते. त्यानंतर आरती. गाऱ्हाणे आहे म्हणून त्या दिंडीला कुणी हाकलत नाही, आणि आरतीच्या आवाजात तिचे टाळ बुडवूनही टाकत नाही. ते ऐकले जाते, त्याच तळावर मिटते, पुढच्या मुक्कामाला नेले जात नाही.

तुमच्या आतही संध्याकाळी एखादा टाळ वाजत राहतो. त्याच्याकडे चोपदारासारखे जा. काय झाले, कुणाचे झाले, माझा वाटा किती, उद्या काय करायचे, एवढे विचारा. उत्तर मिळाले की वहीत दोन ओळी लिहा, आणि आरती म्हणून झोपा. तोच टाळ मध्यरात्री पुन्हा वाजला तर त्याला सांगा, तुझे ऐकून झाले आहे, निवाडा झाला आहे.

दुसरी सोय विण्याची. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर टेकत नाही. पण ती एकाच खांद्यावरही राहत नाही. पहारा संपला की दुसरा येतो, नमस्कार करतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, आणि पहिला विणेकरी जाऊन जेवतो, झोपतो. सात दिवस जे अखंड राहते ते नाम. माणूस अखंड राहावा अशी कुणाचीही अपेक्षा नसते. तुम्ही मात्र दिंडीचा भार बारा-बारा वर्षे गळ्यातून काढत नाही आणि त्याला निष्ठा म्हणता. ज्याच्या हाती वीणा द्यावी असा दुसरा माणूस तुम्ही तयार केला नसेल, तर ती निष्ठा अपुरी आहे. पहारा बदलणे हा सेवेचाच भाग आहे.

तिसरी सोय दिवे घाटाची. पुण्याहून सासवडला जाताना घाट लागला की माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. रोजची जोडी हरली असे कुणी म्हणत नाही, तिच्या पाठीवर आसूडही ओढत नाही. चढ आहे, म्हणून बळ जास्त लागणार, इतका सरळ विचार. स्वतःच्या आयुष्यातला चढ ओळखा. घरात आजारपण असेल, शेत गेले असेल, वारीत आपत्ती आली असेल, तर मदत मागा. बैलाला जो न्याय, तो स्वतःला लावायला काय हरकत आहे?

चौथी गोष्ट सोयीची नाही, पथ्याची आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की फार खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि सदा जागणाऱ्याला योग साधत नाही. उपाशी राहून, जागून सेवा केल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे वाचून पाहावे. सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवा, पण गरम जेवा.

आणि शेवटी, हाताला येईल असे लहान काम धरावे. तुकोबारायांनी सगळे गेल्यावर पुन्हा मोठा व्यापार मांडला नाही. देवाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते नीट करावे असे त्यांच्या मनाने घेतले. खंत मोठमोठ्या शपथा घ्यायला लावते, दया समोरची एक वीट उचलते. ज्याच्या चुकीने कुणाला पाणी मिळाले नाही, त्याने पुढच्या वर्षी टँकरचा एक जादा फेरा ठरवून ठेवावा. ज्याने वृद्धांना उन्हात चालवले, त्याने पहाटेची निघण्याची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यावी. एवढ्याने गेलेला परत येत नाही, हे खरे. पण जे पुढे चालणार आहेत त्यांच्या पायाखाली तेवढी सावली पडते.

हे सगळे तुमच्या एकट्यासाठी आहे, असेही समजू नका. पुढे चालणारा स्वतःशी जसा वागतो, तशी दिंडी वागायला शिकते. चालक ताप लपवतो तेव्हा मृदंग वाजवणारा आपल्या बोटांची भेग लपवतो, तुळस डोक्यावर घेतलेली माउली आपली चक्कर लपवते. चालक स्वतःच्या चुकीवर आसूड ओढतो, तेव्हा हिशेब ठेवणारा पोरगा शंभर रुपयांची तूट सांगायला भितो, आणि तूट हजाराची होते. जिथे पुढचा माणूस ‘मी थकलो, तासभर पडतो’ असे मोकळेपणाने म्हणतो, तिथे मागचा माणूसही ‘मला दम लागला’ हे वेळेवर सांगतो. वेळेवर सांगितलेल्या अशा एका शब्दाने जीव वाचतो. तेव्हा स्वतःवर दया करणे हा तुमचा खासगी विसावा नाही, दिंडीच्या सुरक्षेची ती पहिली सोय आहे.

म्हणून, माउली, आज रात्री दिवा मालवाल तेव्हा एवढेच करा. दिवसभरात ज्यांच्या ज्यांच्या पाया पडलात त्या सगळ्यांना आठवा: म्हातारा, पोर, अनोळखी, रागावलेला. त्या रांगेच्या शेवटी एक माणूस अजून उभा आहे. पाय दुखताहेत, चुका झाल्या आहेत, आणि उद्या पहाटे त्यालाच सगळ्यांना उठवायचे आहे. त्यालाही ‘माउली’ म्हणा. त्याच्याही आत तोच विटेवरचा उभा आहे. मग पांघरूण ओढा आणि झोपा. पुढचा मुक्काम लांबचा आहे.

रामकृष्णहरी.